मराठीतच तर सांगितलं होतं

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, नाशिकच्या बहिणीला फोनवर नाही, देवापुढे दिवा लावताना मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी दुसरंच काहीबाही बोलत राहते. नातीची परीक्षा, अमेयचं बीपी, माझा गुडघा. आज तुमच्यापाशी का बसले आहे, ते मलाही नीट कळत नाही. बसले आहे एवढं खरं. मध्येच मी इकडेतिकडे जाईन, तेवढं चालवून घ्या. मला सरळ मुद्द्यावर यायची सवय नाही. आणि हा मुद्दा असा आहे का, की ज्यावर सरळ यावं?

मी फार शिकलेली नाही. दहावी झाली, लग्न झालं, मग आमचे हे ड्राफ्ट्समनच्या नोकरीवर इकडे अमेरिकेत आले आणि त्यांच्या मागून मी. इंग्रजी शिकले ते टीव्हीवरून आणि लायब्ररीतल्या लहान मुलांच्या पुस्तकांवरून. कळतं सगळं. बोलायची वेळ आली की मात्र अजून तुकडे पडतात. आपली माणसं सगळी लांब, पिस्कॅटवेकडे, तिकडच्या नव्या नव्या कॉलन्यांत. आम्ही शहरात राहिलो, जुन्या वस्तीत. इथली घरं एकमेकांना खेटून, दोन संसारांना एकच भिंत. पलीकडे कोणी कपाट जोरात लावलं की माझ्याकडे फळीवरच्या वाट्या वाजायच्या. हे गेले, अमेय मॉरिसव्हिलला गेला — तिथे त्याचं घर, अंगण, गाड्या — आणि मी इथेच राहिले. “आई, इकडे ये ना यार, तिथे आहे कोण तुझं?” असं तो दर रविवारी म्हणायचा.

होती की. भिंतीपलीकडे ओपल होती.

ओपलनं सगळा जन्म शाळेसमोरचा रस्ता मुलांना ओलांडून देण्यात काढला. केशरी जाकीट, हातात तो ‘थांबा’ लिहिलेला गोल फलक. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हाताखालून मोठी झालेली. त्यामुळे म्हातारपणीही तिनं नुसता तळवा वर केला की चांगली दाढीवाली माणसं जागच्या जागी उभी राहायची. सगळे तिला ‘मिस ओपल’ म्हणत. ती मला ‘ऊऽशा’ म्हणायची. मी हिंगाची फोडणी दिली की भिंतीवर थाप पडायची, “ऊऽशा! आज काय मेलंय तुझ्या घरात?” आणि थोड्या वेळानं वाटी घेऊन स्वतःच हजर. वरण लागायचं तिला. भात नको, नुसतं वरण, वर लिंबू.

मग ती बातमी आली. आमच्या कोपऱ्यावर बिस्किटांची जुनी फॅक्टरी होती, कितीतरी वर्षं बंद पडलेली. ती पाडून तिथे कॅसिनो होणार, वर हॉटेल, खाली पार्किंग. शाळेपासून चार पावलांवर! वस्तीत आधी सगळे नुसतेच हळहळले. उभी राहिली ती ओपल. तिच्या चर्चच्या तळघरात मीटिंगा सुरू झाल्या. खिडक्याखिडक्यांत ‘इथे कॅसिनो नको’ असे बोर्ड लागले, माझ्याही लागला. मी प्रत्येक मीटिंगला डबाभर चिवडा न्यायची, त्याला तिथे ‘ऊशा मिक्स’ असं नावच पडलं. ओपलची एकुलती एक मुलगी रेनी, हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करायची. आधी तिचं हसणं घरात यायचं, मग ती. पोटात म्हणून काही राहायचं नाही तिच्या. रेनी आणि मी फॅक्टरीसमोरच्या फुटपाथवर खडूनं भलीमोठी रांगोळी काढली. अक्षरं तिची, वेलबुट्टी माझी. लोक फोटो काढायला थांबायचे. एवढी माणसं मला ओळखतायत, असं मला या देशात पहिल्यांदाच वाटलं.

आणि तरीसुद्धा — काय सांगू तुम्हाला? दिवसभर त्या सगळ्यांत राहून घरी आले की माझे जबडे दुखायचे. इंग्रजीनं. शब्द शोधून शोधून. मला कोणाशी तरी न शोधता बोलायचं होतं. अमेय फोनवर घाईत. नात हसून “हाय आजी” म्हणायची की पुढचं सगळं इंग्रजी. भुकेला नाव असतं, तहानेला असतं. याला काय म्हणतात?

एकदा दुपारी ओपल माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मीच शिकवली होती तिला, पानं खुडायची, देठ टाकायचे. निवडता निवडता तिनं मला एक गोष्ट सांगितली. मान वर न करता.

तिचा नवरा वॉल्टर बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता. त्या काळात समुद्राकाठच्या कॅसिनोंतून एक बस यायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणून सोडणारी. ओपल त्या बसनं जायची. वॉल्टरला सांगायची, चर्चच्या बायकांची सभा आहे. तिकडे मशिनीपुढे बसलं की डोकं रिकामं व्हायचं म्हणे, दुखणं नाही, औषधं नाही, काही नाही. एक दिवस ती परत आली तेव्हा वॉल्टर गेलेला होता. सकाळी ती झाकून ठेवून गेली होती ते ताट तसंच झाकलेलं.

हे फक्त रेनीला माहीत होतं, कारण त्या दिवशी घरी कोणीच कसं नव्हतं हे तिला सांगावंच लागलं. चर्चमध्ये कोणालाही नाही. आणि आता मला.

“ऊशा,” ती म्हणाली, “तेव्हा बसनं जावं लागायचं. हा झाला तर चालत जाता येईल. मी कशी आहे ते मला माहीत आहे. चालत जाता आलं, तर मी जाईन.”

मग तिनं हात झटकले, पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि म्हणाली, “दे आता तुझा तो चहा. आणि साखर घाल, डॉक्टर इथे नाहीये.”

इतकं सांगितल्यावर मी लगेच पुढचं सांगायला हवं, नाही का? पण आधी सई.

इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट अशी सांगत आले की एक मुलगी दारात आली, गोड गोड बोलली आणि मला फसवून गेली. ऐकायला बरी वाटते. खोटी आहे.

खरं असं की दाराची बेल वाजली, मी उघडलं, तर हातात टॅब्लेट आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली एक किडकिडीत पोरगी. इंग्रजीत काहीतरी सुरू केलं तिनं आणि मध्येच थांबली. वास घेत म्हणाली, “मावशी... मेथी?”

मावशी! त्या दारात, त्या फुटपाथवर तो शब्द कोणी उच्चारलाच नव्हता कधी. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “आधीच सांगून टाकते, मी कॅसिनोवाल्यांकडून आलेय. आउटरीचचं काम आहे माझं, घरोघरी जाऊन लोकांची मनं वळवायचं. दार लावलंत तरी चालेल, सगळे लावतात.”

ऐकलंत ना? तिनं सांगितलं होतं. दारातच. माझ्या खिडकीत तो बोर्ड, आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “चपला बाहेर काढ आणि आत ये.”

मूळची नागपूरची. राहायची पिस्कॅटवेला, चार मुलींबरोबर. नोकरीवर व्हिसा टांगलेला. “हे गेलं तर मला परत जावं लागते, मावशी. आईला काय सांगू?” ती दर आठवड्याला यायला लागली. आली की दारातूनच, “काय करून राहिल्या मावशी?” मी म्हणायची, आधी नीट मराठी बोल, मग जेवायला वाढते. ती म्हणायची, हीच नीट मराठी आहे, तुमचीच नाशिकची आळणी. मेतकूट-भात आवडायचा तिला, वर कच्चं तेल. स्टुलावर पाय हलवत बसून खायची. मी बोलायची. देवा, किती बोलायची मी! लग्नातल्या पंगती, सासूबाईंचा राग, आमच्या ह्यांनी इकडे आल्या आल्या बर्फात कशी लोळण घेतली होती ते... शब्द आपले आपण यायचे, मला काही शोधावं लागायचं नाही. ती गेली की घर गप्प व्हायचं, पण माझे जबडे दुखायचे नाहीत.

ओपलला मी सांगितलं, माझी भाची येते. हे पहिलं खोटं. त्यावर ओपलनं काय करावं? तिनं भिंतीवर थाप मारून मला बोलावलं आणि पीचचा गोड पदार्थ करायची ना ती, त्याची एक भली वाटी हातात ठेवली, “तुझ्या भाचीला. फार वाळकी आहे पोर, मी खिडकीतून पाहिली.” सईनं तो चाटूनपुसून खाल्ला. कोणी केलाय हे मी तिला सांगितलं. तिनं वाटी स्वतः घासून ठेवली.

मग एकदा ती आली ती घाईत. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, “मावशी, आता इकडचा भाग माझ्याकडे नाही राहणार बहुतेक. तुमच्या वस्तीत काही हलत नाही, म्हणतात.” चहाचा कप तिनं उभ्यानंच हातात घेतला होता. मी बघितलं, ती घोट मोठे घेतेय. लवकर संपवून निघायचं म्हणून.

आता येते मुद्द्यावर.

मला तिला थांबवायचं होतं. बस्, एवढंच. अजून थोडा वेळ. माझ्याकडे तिला वाढण्यासारखं आणखी काय होतं? भात आज नको म्हणाली होती. सासूबाईंच्या गोष्टी सांगून झाल्या होत्या. माझ्याकडे एकच चांगली गोष्ट उरली होती, आणि ती माझी नव्हती.

मी सांगायला लागले. एक बाई होती, तिचा नवरा आजारी होता, सकाळी एक बस यायची... मला गोष्ट सांगता येते हो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ते मला कोणी शिकवावं लागत नाही. झाकलेल्या ताटापाशी आले तेव्हा सईनं कप खाली ठेवला. स्टूल ओढलं आणि बसली. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. बसली ती!

शेवटी तिनं हळूच विचारलं, “कोण, मावशी? त्या पीचवाल्या का?”

मी म्हटलं, “हो.”

जीभ घसरली नाही. मला कोणी कोंडीत पकडलं नाही. ती कोणाकडून पगार घेते हे मला माहीत होतं, ओपल कोणाविरुद्ध उभी आहे हेही माहीत होतं. पण मनात असं काहीतरी होतं — बघा, हे मी आजच पहिल्यांदा शब्दांत मांडतेय — की हे मराठीत आहे. मराठीत सांगितलं म्हणजे ते बाहेर गेलंच नाही. इथे रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये आम्ही मराठीत वाटेल ते बोलत आलो, समोरच्याच्या तोंडावर त्याच्या टकलाबद्दल बोललो, कोणाला कळलं? मराठी म्हणजे दार लावून घेतलेली खोली. त्या खोलीत बसलेल्या मुलीला इंग्रजीही येतं, आणि तिला संध्याकाळी ऑफिसात कोणाला तरी काहीतरी सांगावं लागतं, हे मी विसरले? की विसरले असं आता म्हणतेय?

सई त्यानंतर आली नाही.

कॅसिनोला परवानगी द्यायची का यावर शहराची सुनावणी होणार होती, ओपल तिथे विरोधात बोलणार होती. त्याआधी तिच्याकडे कंपनीचे एक गृहस्थ येऊन गेले. छान सूट, मऊ आवाज. त्यांनी धमकी दिली नाही, वाईट एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, कॅसिनोमध्ये आम्ही एक शांत खोली ठेवणार आहोत, ज्यांना खेळणं थांबवता येत नाही त्यांच्याशी बोलायला. तिथे समुपदेशक असतील. तुमची कहाणी आमच्या कानावर आली, फार भिडली. त्या खोलीला तुमच्या मिस्टरांचं नाव द्यावं असं वाटतं. सुनावणीतच जाहीर करू, तुमची हरकत नसेल तर.

कोणाची कल्पना असेल ही? कधी कधी वाटतं सईचीच असेल, आणि तिला ती चांगलीसुद्धा वाटली असेल. मला माहीत नाही.

ओपल तडक माझ्याकडे आली. मी गॅसपाशी उभी होते, पाठ तिच्याकडे. तिनं सगळं सांगितलं. मग म्हणाली, “दोघींनाच माहीत होतं, ऊशा. तुला आणि रेनीला.” मी वळले नाही. दुधावर नजर ठेवून उभी राहिले. आणि ती म्हणाली, “तू तर कोणाशी बोलतच नाहीस. माझ्याशी बोलतेस तेच काय ते.”

तेव्हा वळता आलं असतं. मी चहा गाळला. साखर घातली.

त्याच आठवड्यात भिंतीपलीकडे त्यांचं भांडण झालं. सगळं ऐकू आलं. माझं इंग्रजी तुकड्यातुकड्यांचं म्हणाले ना मी? त्या दिवशी एकही शब्द सुटला नाही. रेनी रडत होती, “ममा, मी नाही सांगितलं. ममा, माझ्याकडे बघ, मी कोणालाच नाही सांगितलं.” आणि ओपल म्हणत होती, “आयुष्यात एक गोष्ट तुझ्या पोटात राहिली नाही, आणि ही राहिली?” फळीवरच्या वाट्या वाजत होत्या.

मी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. रिकामाच फिरवत राहिले, पलीकडचं दार आपटेपर्यंत.

सुनावणीत ओपलचं नाव पुकारलं गेलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिनं हात वर केला, शाळेसमोर करायची तसाच, तळवा पुढे — पण नको म्हणून. पुन्हा पुकारलं, पुन्हा तसंच. मग पुढचं नाव घेतलं. त्या खोलीची घोषणा काही झाली नाही. तिनं बोलायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

कॅसिनो झाला नाही. पण आमच्यामुळे नाही, कंपनीचंच आपसांत काहीतरी फिसकटलं आणि ते दुसऱ्या शहरात गेले. फॅक्टरीच्या जागेवर आता गवत आहे. त्या वेळी तळघरात सगळ्यांनी केक कापला, ‘ऊशा मिक्स’ वाटली. कोणी कोणी म्हणालं, शेवट गोड झाला. ओपल लवकर घरी गेली. रेनी आलीच नव्हती. ती त्या घरात परत कधीच आली नाही.

पुढे किती वर्षं ओपल माझ्याकडे वरणाची वाटी घेऊन येत राहिली. रोज मी तिच्यासमोर बसायची. रोज एक संधी. मी लिंबू कापून द्यायची.

आणि सगळ्यांत वाईट ऐकायचंय? या सगळ्यात मला आठवण कोणाची यायची? सईची. माझ्या समोर ओपल बसलेली असायची, मुलीवाचून वाळत चाललेली, आणि माझा कान दाराच्या बेलकडे. अजूनही आहे. मेतकूट संपलं की मी अजून आणते. मला गोड लागत नाही ते, माझ्या घशात टोचतं. तरी आणते. ती आज दारात उभी राहिली आणि “काय करून राहिल्या मावशी?” म्हणाली, तर मी तिला जाब विचारीन का? नाही विचारणार. चपला बाहेर काढ म्हणेन.

गेल्या थंडीत ओपल गेली. चर्चमध्ये रेनी अगदी मागच्या बाकावर बसली होती, पुढे घरच्यांच्यात नाही. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले. आता तिचेही केस पिकलेत. म्हणाली, “मिस ऊशा, तिनं फक्त तुमच्यावर विश्वास ठेवला. बरं झालं तुम्ही होता.”

मी म्हटलं, “हो.”

आता ती मला फोन करते. आईची आठवण आली की करते, म्हणजे बरेचदा. म्हणते, तिचं काहीतरी सांगा ना. मी सांगते. हिंगाचं सांगते, भिंतीवरच्या थापेचं सांगते, डॉक्टर इथे नाहीये ते सांगते. रेनी हसते, तिचं ते पूर्वीचं हसणं. इंग्रजीतही मला गोष्ट सांगता येते, हे आता मला कळलंय. आणि दर वेळी शेवटी तेच विचारते, शेवटी तरी तिला माझं खरं वाटलं होतं का?

मला माहीत आहे. नव्हतं वाटलं. अगदी शेवटच्या आठवड्यातही ओपल मला म्हणाली होती, माझ्या पोरीनं तेवढं एक करायला नको होतं.

परवाही फोन आला होता. परवाही तिनं विचारलं. मी म्हटलं, “मला नाही माहीत, बेटा.” तिनं फोन ठेवल्यावरही मी कितीतरी वेळ कानाला तसाच लावून बसले होते.